रिकाम्या घराचा उंबरा

"बाबा, हात उचला आधी."

पद्माकरांनी चिमूट वरच्या वर धरली. उंबऱ्याच्या दगडावर अर्धी रांगोळी काढून झाली होती.

"बाबा, हे घर नाहीये. आर्टवर्क आहे. इथे काही टच करायचं नसतं," कस्तुरी म्हणाली.

"अगं, पण पाहुणे यायचेत ना? स्टेप किती ओकीबोकी दिसत होती."

कस्तुरीने कपाळावर हात मारून घेतला. पहिल्या नोकरीतला मोठा दिवस बाबांनी पाहावा म्हणून तिने त्यांना हौसेने लीड्सहून इतक्या वर, स्कॉटलंडच्या डोंगरांत आणलं होतं. आई गेल्यापासून रोजची रांगोळी बाबांकडे आली होती आणि रांगोळीचा डबा त्यांच्या गाडीत कायमचा. हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

दोनशे वर्षांपूर्वी या दरीत गेलिक ही इथली जुनी भाषा बोलणारं गाव नांदत होतं. जमीनदाराला मेंढ्या पाळायच्या होत्या, म्हणून त्याने गावच्या गाव उठवलं. कस्तुरी जिची मदतनीस होती, त्या शिल्पकार किर्स्टीने इथल्याच आपल्या पूर्वजांच्या घराचे दगड शोधून ते पुन्हा उभं केलं होतं आणि मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. बाहेरचं काहीही इथे येऊ द्यायचं नाही, हा तिचा कस्तुरीला एकमेव हुकूम. उद्घाटनाला दहा मिनिटं उरली होती.

रांगोळी पुसायला कस्तुरी स्कार्फ ओला करत होती, तोच किर्स्टी आली आणि उंबऱ्याकडे बघत उभी राहिली. कस्तुरी घाईने पुढे झाली. नोकरी गेल्यातच जमा.

"सॉरी, लगेच पुसते."

"पुसू नकोस."

सत्तरीची किर्स्टी सावकाश गुडघ्यांवर बसली. "माझी आजी रोज सकाळी पायरी धुऊन खडूने नक्षी काढायची. तिला तिच्या आजीने शिकवलेली. पायरी कोरी म्हणजे घरात माणूस नाही, असं म्हणायची. तीन वर्षं हे घर रचतेय मी, आणि नेमकं हेच विसरले."

तिने पद्माकरांपुढे तळहात पसरला. त्यांनी त्यावर रांगोळी ओतली आणि चिमूट कशी धरायची ते दाखवलं. किर्स्टीची पहिली रेघ भलतीकडेच गेली. ती हसली, तेही हसले. बाबांना इतकं मोकळं हसताना कस्तुरीने आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तिला फार बरं वाटलं.

वळणावर पाहुण्यांच्या गाड्या दिसू लागल्या.

"कस्तुरी, त्यांना जरा खालीच थांबव," किर्स्टी मान वर न करता म्हणाली. "म्हणावं, घरचे लोक अजून दार सजवताहेत."