दिवा लागेपर्यंत

मिसेस ग्रिंडलचं ढोंग पकडलं, तर हॉलक्रॉफ्टसाहेबांना संशोधन मंडळाचं चिटणीसपद मिळणार होतं. नाही पकडता आलं, तर ऑगस्टा, त्यांची वारलेली बायको, भेटणार होती. ही दुसरी आशा त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. दोन्हीकडून फायदाच, असा त्यांचा हिशेब.

भर दुपारी पडदे ओढलेले. दाराला आतून लाखेचा शिक्का. खोलीत तिघंच. मधे मृतात्म्यांना बोलावणारी मिसेस ग्रिंडल. तिचा उजवा हात डॉक्टर व्हाइब्रोंनी धरलेला, डावा साहेबांनी. धरलेला हात दिवा लागेपर्यंत सोडायचा नाही, हा नियम साहेबांनीच घातलेला.

दिवा मालवला. स्तोत्र सुरू झालं. "शिंक येतेय हो," म्हणत बाईने दोन्ही हात सोडवून घेतले. शिंकली. साहेबांच्या पंजात हात परत आला. थंडगार.

मग त्या हाताचा अंगठा त्यांच्या बोटांवरून सावकाश फिरू लागला. साहेब जेवताना पाहुण्यांशी हुज्जत घालू लागले, की ऑगस्टा टेबलाखाली असंच करायची. पुरे आता, एवढाच त्याचा अर्थ.

साहेबांचं डोकं तापलं. म्हणजे त्यांनी कामावरून काढलेल्या मोलकरणीने घरातलं हेही गुपित या बाईला विकलं तर. तेवढ्यात टेबलापलीकडे काहीतरी पांढरं तरंगलं. पंजातल्या त्या हाताची पकड घट्ट झाली. साहेबांनी तो हात झटकून टाकला आणि पांढऱ्यावर झेप घेतली.

डॉक्टरांनी दिवा लावला. साहेबांच्या मुठीत मलमल होती आणि मलमलीत मिसेस ग्रिंडल, पायात नुसते मोजे. डॉक्टरांच्या हातात भुसा भरलेला हातमोजा.

"धरलंत बाई मला," ती म्हणाली.

"आणि माझ्याशेजारी कोणाला बसवलं होतंस?"

"बसवते कोणाला? दाराला शिक्का तुमचाच ना?" तिने कमरेतून दुसरा हातमोजा काढला. "हा तुमच्यासाठी होता, साहेब. शिंकून झाल्यावर ठेवायला गेले, तर तुमची मूठ आधीच मिटलेली. म्हटलं, बरं झालं, माझं काम वाचलं."

साहेबांनी तिच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. त्यांचा पंजा अजून गार होता.

डॉक्टरांना अहवाल मिळाला, मंडळाला चिटणीस. मिसेस ग्रिंडलने दुसऱ्या गावी दुसऱ्या नावाने पडदे लावले. भुर्दंड एकट्या साहेबांना: तो हात त्यांनी स्वतः झटकला होता.