माघारी न वळणारी मेंढी

“सोनबा, तुजा इस्वास बसायचा न्हाई. कुनाचाच बसनार न्हाई. पर ही मेंढी माघारी वळतच न्हाई!”

गेनूआबा सोनबाच्या अंगणात उकिडवे बसले होते. समोर खुंटाला त्यांची म्होरकी मेंढी. दुपारी ती सोनबाच्या हरभऱ्यात शिरली आणि तिथंच धरली गेली. वर माळावर आबांच्या घराशी तिचं कोवळं कोकरू भुकेनं ओरडत होतं. सोनबाची अट एकच : खतासाठी आबांनी सगळा कळप त्याच्या वावरात फुकट बसवायचा, मगच मेंढी सुटेल. आणि कळप बसवायच्या त्या राती तर आबांनी किकवी गावच्या चिमाजीला कधीच कबूल केलेल्या.

“वळत न्हाई म्हंजी?”

“आमची नात शिवानी चिपांच्या कंपनीत हाय, ठावं हाय न्हवं? तितं डायोड करत्यात. ज्वारीच्या दान्यायेवढा. त्यातनं वीज येकाच अंगानं जाती, माघारी यायची टाप न्हाई तिची. तसला येक दाना पोरीच्या वढनीला चिकटून आला, पडला हिच्या भरड्यात, आन् गिळला की हिनं! तवापास्नं चालती ती फकस्त म्होरं. परवा पानशेतच्या रस्त्याला लागली, तर आख्ख्या धरनाला येढा घालून घरी आली.”

“आन् पान्यात शिरली तर?”

“पल्याडच्या काठाला निगती. वली हून.”

ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या मंगलचे, सोनबाच्या बायकोचे, हात थांबले.

आबांना जोर चढला. “मंग हरभऱ्यात शिरल्यावर बिचारीनं करायचं काय? जितवर म्होरं पाला हाय, तितवर खायाचं. गुन्हा मेंढीचा न्हाई, बाबा. डायोडचा हाय.”

“व्हय, व्हय. डायोडचाच असंल,” सोनबा जरा घाईनंच म्हणाला.

तेवढ्यात कंपनीच्या बसमधून उतरलेली शिवानी आली. घरी जाऊन तिनं कोकरू उचलून आणलं होतं. ते काखेतूनच ओरडलं, आणि मेंढी जागच्या जागी अशी गर्रकन माघारी फिरली, की खुंट हलला.

आबा आभाळाकडं बघू लागले.

“आबा,” शिवानी म्हणाली, “डायोडचं खातं निराळं. आमच्या खात्यात मोबाईलच्या पडद्याची चिप बनती. पडद्यावरल्या ठिपक्या-ठिपक्याला कवा पेटायचं ते सांगती ती. आन् वढनी तर आमी बाहेरच काढून ठिवतो. आत जाताना डोक्यापास्नं पायापत्तुर पांढरा झगा असतो.”

मंगल उठली. पदर खोचून तिनं मेंढीची दोरी सोडली आणि शिवानीच्या हातात दिली.

“मंग गुन्हा तुज्याच खात्याचा गं, शिवानी! म्या दुपारी भाकरी घिऊन वावरात गेले, तर मेंढी हरभरा खाती आन् तुजा आबा बांदावर मोबाईलात कुस्ती बगतुया. आन् त्येच्या खांद्यावर हनुवटी टिकवून आमचं हे वरडत्यात, ‘आबा, पडद्यावर बोट नगा लावू, आत्ता चितपट हुतोय!’”