ओट्यावरचा दवाखाना

रविवारी भाकरी उरकल्या की ज्योती मोबाईल तांब्याला टेकवून ओट्यावर ठेवते आणि कर्जतजवळच्या त्यांच्या वस्तीचा दवाखाना उघडतो. डॉक्टर तिकडं किर्गिझस्तानात, बिश्केकला. कंपाउंडर, म्हणजे ज्योती स्वतः, इकडं ओट्यावर. डॉक्टर म्हणजे ज्योतीची लेक ज्ञानेश्वरी, एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला. आत्तापर्यंत तिनं हाडं हाताळली, प्रेतं हाताळली, जिवंत पेशंटला अजून बोटही लावलेलं नाही. पण हे वस्तीला सांगणार कोण?

"ज्ञाने, कोट घातला का?" आईचा नुसता आवाज आला. "लोकं आल्यात."

"आई, आज राहू दे ना. मला तुझ्याशी जरा..."

"आगं, बोलू की मागनं! कानिफनाथ भावजी कवाचं ताटकळल्यात."

ज्ञानेश्वरीनं उशाशी पडलेला पांढरा कोट ओढून अंगात घातला. आत दोन स्वेटर होते, तरी हुडहुडी जात नव्हती. ताप परवापासून उतरायचं नाव घेत नव्हता. परीक्षा तोंडावर आलेली, ताप आपल्याला लागायला नको म्हणून खोलीतली मैत्रीण दुसरीकडं झोपायला गेली होती. तिचंही बरोबरच होतं म्हणा. काल ज्ञानेश्वरीनं रुमाल ओला करून आपल्या कपाळावर आपणच ठेवला. तो घसरून उशीवर पडला, आणि तेवढ्यावरून तिला रडू फुटलं.

आज आईला सांगायचंच असं तिनं ठरवलं होतं. औषध होतं तिच्याजवळ, घेतही होती. आईनं नुसतं एकदा आपल्याकडं बघावं, एवढंच तिला हवं होतं. पण आई दिसेल तर शपथ! कंपाउंडर मोबाईलच्या मागं उभा राहून रांग लावत होता.

कानिफनाथ समोर मांडी घालून बसला आणि त्यानं दोन्ही पंजे पडद्यासमोर पसरले. "बघा बरं, डॉक्टरीणबाई. बोटांच्या मधी लई खाजतंय."

"कधीपासून, काका?"

"दिवाळीपासनं."

"घरात अजून कुणाला?"

"समद्यांलाच की!"

"मग सगळ्यांनीच तालुक्याला जाऊन दाखवा. मला इथून औषध देता येत नाही, मागंच सांगितलंय ना?"

"ते जाऊच की. पर आपल्या मानसानं बघितलं म्हंजी बरं वाटतंय," कानिफनाथ म्हणाला आणि खाजवत उठला.

मग छबूबाईचा नंबर लागला. म्हातारीनं पायरीखाली चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि देवापुढं बसावं तशी मोबाईलपुढं बसली.

"गरगरतंय गं बाय."

"कधीपासून, आजी?"

"ते सांगते. आदी नाडी तर बघ!" असं म्हणून छबूबाईनं मनगट उचललं आणि सरळ मोबाईलवर ठेवलं.

बिश्केकला अंधार झाला. ओट्यावर मात्र हसण्याची लाट उठली. सगळ्यांत मोठ्यानं ज्योतीच हसली. "अवो आत्या, काय येड लागलं का? मोबाईलवर कुटं नाडी लागती व्हय!"

"ऱ्हाऊ दे गं. तिला कळतंय."

ज्ञानेश्वरी हसली नाही. तिनं त्या काळ्या पडद्यावर दोन बोटं ठेवली. काच थंडगार होती. परवापासून कुणी तिच्यापुढं हात केला नव्हता, आज केला तो असा. ती बोटं उचलेना.

"लागली का?" अंधारातून छबूबाईनं विचारलं.

"लागली, आजी."

"बघ!" म्हातारी ज्योतीवर डाफरली आणि तिनं हात काढून घेतला. आजच्या आज बीपी मोजून घ्यायचं, कानिफकाकांच्या गाडीवर बसून जायचं, असं ज्ञानेश्वरीनं तिला दोनदा बजावलं. छबूबाईनं दोन्ही वेळा मान डोलावली आणि निम्मा गुण इथंच आला म्हणत चपला शोधायला लागली.

"आनखी कुनी ऱ्हायलंय का?" ज्योतीनं हाळी दिली. आता तांब्या उचलायचा आणि कामाला लागायचं, हे तिचं ठरलेलं. बोलू मागनं म्हणाली होती, ते ती केव्हाच विसरली होती.

मग मोबाईलमधून आवाज आला.

"मी राहिलेय, आई."

"तू आनि कशाची गं?" ज्योती हसतच मोबाईलच्या मागून पुढं आली. वाकली. पडद्यावर कोट घातलेली पोरगी होती, तिचे ओठ सुकलेले होते आणि केस कपाळाला चिकटले होते. ज्योतीचं हसू जागच्या जागी राहिलं. मघाशी छबूबाई बसली होती तिथंच ती मटकन खाली बसली.

"कवापासनं?"

"परवापासून," ज्ञानेश्वरी म्हणाली.

ज्योतीनं पदराला हात पुसला. कपाळाला लावतात तसा पालथा हात तिनं मोबाईलवर ठेवला. या खेपेला ओट्यावर कुणी हसलं नाही. छबूबाईसुद्धा एक चप्पल पायात, एक हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिकडं पुन्हा अंधार झाला, तेव्हा ज्ञानेश्वरीनं कपाळ पुढं करून काचेला टेकवलं.

"लई तापलंय गं," ज्योती म्हणाली, आणि हात तसाच ठेवला.