साहेबांची थरथर

शेवटचा फटका उरला होता आणि होल चार पावलांवर होतं. चेंडू आत गेला नाही तर करंडकही गेला आणि गोल्फही सुटला, असं धारवाडकर साहेबांनी सकाळीच जाहीर केलं होतं.

काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडी तुळशीरामने साहेबांच्या हातांकडे पाहिलं. हात चक्क स्थिर होते.

"साहेब, गोळी घेतली काय?"

"घेतली. आज थरथर नको."

मेलो, तुळशीराम मनात म्हणाला. तीन वर्षं हा पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, साहेबांची थरथर शिकला होता. हात डावीकडे हलला की तो आपणहून उजवीकडे ओढायचा. आता हात हलत नव्हते, तर पटरच वळवळत होता.

तुळशीराम साहेबांच्या कानाशी लागला. "तुम्ही बाईसाहेबांचा झोपाळा विकून हा पटर घेतला, ते मी त्यांना सांगून टाकलंय."

साहेबांचे हात लटलटा कापायला लागले. पटर शांत झाला. चेंडू सरळ गेला आणि होलमध्ये पडला.

टाळ्यांच्या गजरात साहेबांनी तुळशीरामची कॉलर धरली. "गाढवा, झोपाळा विकल्याचं खरंच सांगितलंस तिला?"

"नाही ओ साहेब. पण आता सांगायला नको. बाईसाहेब तुमच्या मागेच उभ्या आहेत."