ऋजुताच्या वाटचं पीठ

नवऱ्याचं दहावं आटोपून सुमेधा घरी आली, तर कॉलेजातली लेक ऋजुता गुणगुणत भाकरी खात होती. तरुण पोरांसाठी रेशनवर आता मन सावरणारी पोषकद्रव्यं घातलेलं पीठ मिळे. त्याच पिठाने मागे नैराश्यात बुडालेली ऋजुता वाचली होती.

"बाबा गेले गं तुझे!"

"माहितेय, आई. पण वाईटच वाटत नाही. काय करू?"

दुसऱ्या दिवसापासून सुमेधा तिला गुपचूप साध्या पिठाच्या भाकऱ्या वाढू लागली. हळूहळू पोरीने अंथरूण धरलं.

"आई, मला काय होतंय? जगावंसंच वाटत नाही," ती हुंदके देत म्हणाली.

सुमेधाने तिला कुशीत ओढलं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला एकटं वाटलं नाही. संध्याकाळी तिने पुन्हा साधंच पीठ मळलं.