झेललेला चेंडू

प्रयोगशाळेतला, चेंडू पडताना टिपून त्वरण काढणारा एआय कॅमेरा विद्यार्थ्यांच्या चाळीस वर्षांच्या जर्नलांवर, म्हणजे उत्तर पाहून मागाहून रचलेल्या नोंदींवर, शिकला होता. त्यामुळे त्याचे उत्तर कधी चुकत नसे. प्रात्यक्षिक परीक्षेत ओवी सोनवणेने चेंडू सोडला आणि गोंधळून मध्येच झेलला. पडद्यावरचा चेंडू मात्र शिस्तीत जमिनीवर पोचला. गुरुत्वत्वरण ९.८.

“मॅडम, चेंडू माझ्या हातात आहे. आता मी नापास का?”

“उत्तर बरोबर आहे, लिहून मोकळी हो,” बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले.

कॅमेरा ज्यांवर शिकला त्यातल्या निम्म्या जर्नलांवर शिक्षिका देवधर मॅडमच्याच सह्या होत्या. त्यांनी शांतपणे कॅमेरा बंद केला आणि ओवीच्या हाती स्टॉपवॉच दिले. ओवीने चेंडू पुन्हा सोडला, या वेळी जमिनीपर्यंत. उत्तर आले ९.३. मॅडमनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले, आणि गुणयादीत कॅमेऱ्याचे नाव लिहून त्यापुढे लाल शाईने शेरा मारला: कॉपी करताना पकडला.