धामणच हाय, आये

शिराळ्याच्या ऋषिराजनं साप ओळखणारं एआय मॉडेल बनवलं होतं. नाग कसा असतो ते नागपंचमीच्या जुन्या अल्बमांतल्या, हळदकुंकू वाहून पुजलेल्या नागांवरून, आणि धामण कशी ते स्वतःच्या बांधावर काढलेल्या फोटोंवरून त्यानं मोबाईलला शिकवलं. नंतर त्यातलेच निवडक फोटो दाखवून परीक्षा घेतली, तर गडी एकदाही चुकला नाही.

आज स्वयंपाकघरात सिलिंडरमागं खराखुरा साप वेटोळं घालून बसला होता. ऋषिराजनं डाव्या हातानं मोबाईल त्याच्यावर रोखला. मोबाईल गोड आवाजात बोलला, "धामण. बिनविषारी."

"हात घालू नगं रं!" देव्हाऱ्यापाशी उभी बनुबाई ओरडली.

"आये, धामणच हाय. शेपटी धरतो आन् बाहेर सोडतो."

त्यानं उजवा हात आत सरकवला. पोरगं ऐकत नाही म्हटल्यावर बनुबाईनं देव्हाऱ्यातली हळदकुंकवाची चिमूट उचलली आणि "नागोबा, लेकराला राख रं बाबा," म्हणत सापावर उधळली.

बोटं शेपटीला लागणार, तोच डाव्या हातातला मोबाईल किंचाळला,



"नाग! विषारी! दूर व्हा!"